लिबरऑफिसच्या बातम्यांत नक्की काय असतं?

लिबरऑफिस हे पत्रं, तक्ते, हिशोब करायचं फुकट सॉफ्टवेअर. दरवर्षी फेब्रुवारीच्या आसपास आणि पुन्हा ऑगस्टमध्ये त्याची नवी आवृत्ती येते. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास युरोपातल्या कुठल्यातरी शहरात त्यांची परिषद भरते. मध्येच संचालक मंडळाच्या निवडणुकीची बातमी असते, कुठल्यातरी सरकारने हजारो संगणकांवर हे सॉफ्टवेअर बसवायचं ठरवल्याची असते, नाहीतर आतल्या दोन गटांत जुंपल्याची. ज्याला फक्त अर्ज टाइप करायचा असतो आणि सोसायटीचा हिशोब मांडायचा असतो, तो या बातम्यांकडे ढुंकूनही बघत नाही. बघायला हवं, असं माझं मत आहे. फुकट सॉफ्टवेअरच्या मागे सेल्समन नसतो, वार्षिक करार नसतो. पाच वर्षांनी ते असेल की नसेल, आपल्या फायली उघडतील की नाही, याचा अंदाज घ्यायचा तर ते बनवणारी माणसं काय करताहेत हेच पाहावं लागतं. आणि ते या बातम्यांत दिसतं, थोडं वाचता आलं तर.

आधी वंशावळ. मार्को ब्योरीस नावाच्या जर्मन मुलाने १९८५ साली, शाळेच्या वयात, स्टार डिव्हिजन नावाची कंपनी काढली. तिचं स्टाररायटर हे लिहिण्याचं सॉफ्टवेअर पुढे वाढत वाढत स्टारऑफिस झालं. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या सन मायक्रोसिस्टिम्सने ती कंपनी विकत घेतली आणि ऑक्टोबर २००० मध्ये स्टारऑफिसचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामरांनी लिहिलेला मूळ मजकूर, सगळ्यांसाठी खुला केला. तेच ओपनऑफिस. त्याची १.० आवृत्ती मे २००२ मध्ये आली. आपल्याकडे विंडोजऐवजी लिनक्स ही खुली संगणकप्रणाली वापरून पाहणाऱ्या पहिल्या पिढीने कार्यालयीन कामासाठी जे वापरलं ते बहुधा हेच.

कोड जर्मनीत लिहिला गेल्याची एक खूण कित्येक वर्षं टिकून होती. प्रोग्रामर आपल्याच कोडमध्ये स्वतःसाठी आणि सहकाऱ्यांसाठी टिपा लिहून ठेवतात. या कोडमधल्या असंख्य टिपा जर्मनमध्ये होत्या. पुढे लिबरऑफिसने त्या टिपांचं इंग्रजी करण्याचं काम 'सोपं काम' म्हणून नवख्या स्वयंसेवकांसमोर ठेवलं. जर्मन येतं पण प्रोग्रामिंगचा गंध नाही, अशा माणसालाही त्यात हात लावता आला. प्रकल्पाचा स्वभाव मला तरी या एका गोष्टीतून जास्त कळतो.

जानेवारी २०१० मध्ये ओरॅकल या दुसऱ्या अमेरिकी कंपनीने सन ताब्यात घेतली आणि ओपनऑफिसवर काम करणाऱ्यांच्या पोटात गोळा आला. एकाच कंपनीच्या मर्जीवर प्रकल्प चालतो ही तक्रार सनच्या काळापासूनच होती. बाहेरच्या माणसाने पाठवलेली दुरुस्ती आत घेतली जायला फार वेळ लागायचा. त्या वर्षीची ओपनऑफिसची परिषद बुडापेस्टला झाली आणि त्यानंतर चारेक आठवड्यांत, २८ सप्टेंबर २०१० रोजी, बऱ्याच जुन्या कार्यकर्त्यांनी 'द डॉक्युमेंट फाउंडेशन' जाहीर करून आपला वेगळा फाटा काढला. कोड तोच, नाव लिबरऑफिस. ओपनऑफिस हे नाव आम्हाला द्या, अशी विनंती त्यांनी ओरॅकलला केली होती. ओरॅकलने दिलं नाही. उलट ओपनऑफिसच्या समितीतून, फाउंडेशनमध्ये गेलेल्यांनी बाहेर पडावं, असं त्यांना सांगण्यात आलं.

मुक्त सॉफ्टवेअरच्या जगात असं फाटा काढणं कायदेशीर असतं, आणि तिथे मालकावर जो काही वचक असतो तो त्याच्यामुळेच. परवान्यातच मुभा असते: कोड घ्या, बदला, वेगळ्या नावाने पुढे न्या. पण कोड उचलणं सोपं. पुढे तो सांभाळायला माणसं लागतात, सर्व्हर लागतात, ट्रेडमार्क लागतो, बँकेत खातं लागतं. म्हणून त्यांनी जर्मन कायद्याखाली न्यास काढायचं ठरवलं. त्याच्या भांडवलासाठी ५०,००० युरो लागणार होते. फेब्रुवारी २०११ मध्ये आवाहन केलं आणि आठ दिवसांत रक्कम जमली, तीही मुख्यतः वापरणाऱ्यांच्या छोट्या छोट्या देणग्यांतून. १७ फेब्रुवारी २०१२ रोजी बर्लिनमध्ये न्यासाची रीतसर नोंदणी झाली. न्यास अशासाठी की तो विकत घेता येत नाही. संचालक मंडळ सभासद निवडून देतात, मुदत दोन वर्षांची, आणि एकाच कंपनीच्या लोकांनी मंडळ भरून जाऊ नये यासाठी नियमावलीत मर्यादा आहे. सभासदत्व पैसे भरून मिळत नाही, काम दाखवून मिळतं. भाषांतर, चाचणी, कागदपत्रं लिहिणं हेही कामच. निवडणुकीची कंटाळवाणी वाटणारी बातमी आली की हे आठवावं. सनच्या काळात जो प्रश्न होता तो परत उद्भवू नये यासाठी केलेली ती तजवीज आहे.

ओपनऑफिसचं पुढे काय झालं? ओरॅकलने ते जून २०११ मध्ये अपाचे सॉफ्टवेअर फाउंडेशन या मुक्त सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या संस्थेला देऊन टाकलं. ते आजही डाउनलोड करता येतं आणि नाव जुनं असल्यामुळे लोक करतातही. पण त्याची ४.१ ही आवृत्ती २०१४ मध्ये आली आणि त्यानंतर जे काही आलं ते ४.१ च्याच पुढे आणखी एक आकडा लावून. वर्डची आजची फाइल त्यात उघडते, पण त्याच प्रकारात परत सेव्ह करता येत नाही. परवान्यांचीही गंमत अशी की अपाचेकडचा कोड लिबरऑफिसला घेता येतो, लिबरऑफिसमधला नवा कोड अपाचेला घेता येत नाही. म्हणजे पाणी एकाच बाजूने वाहतं. ऑक्टोबर २०२० मध्ये, ओपनऑफिसला वीस वर्षं झाल्याच्या निमित्ताने, डॉक्युमेंट फाउंडेशनने अपाचेला उघड पत्र लिहिलं: निदान तुमच्या वापरकर्त्यांना लिबरऑफिस आहे एवढं तरी सांगा. तुमच्या किंवा शेजारच्या संगणकावर अजून ओपनऑफिस असेल तर ते काढून लिबरऑफिस टाका, इतका सरळ सल्ला मी बिनधास्त देतो.

आवृत्तीच्या आकड्यांचं फार काही समजून घ्यायचं नाही. पूर्वी ७.४, ७.५, ७.६ असे चालायचे. २०२४ पासून वर्ष आणि महिना: २४.२ म्हणजे २०२४ चा फेब्रुवारीचा अवतार, २४.८ म्हणजे ऑगस्टचा. एका वेळी दोन शाखा चालू असतात, एक नवी आणि एक तिच्या आधीची, बऱ्यापैकी मुरलेली. शाळा, पतसंस्था, वकिलाचं ऑफिस अशा ठिकाणी मुरलेली घ्यावी. प्रत्येक शाखेला नऊ-दहा महिने दुरुस्त्या मिळतात. बातमीत 'या शाखेची शेवटची दुरुस्ती आवृत्ती' असे शब्द दिसले की त्याच आठवड्यात पुढच्या शाखेवर जायचं, कारण नंतर सुरक्षेतली भोकं बुजवली जाणार नाहीत.

या दुरुस्त्या कशा होतात, ते मात्र जवळून बघण्यासारखं आहे.

समजा, गेल्या आवृत्तीत नीट दिसणारा तक्ता नव्या आवृत्तीत पानाच्या बाहेर जातो. तुम्ही प्रकल्पाच्या बगझिला नावाच्या तक्रार-नोंदवहीत ते लिहिलंत. नोंदीला क्रमांक मिळतो. मग कुणीतरी स्वयंसेवक तुमची फाइल आपल्या संगणकावर उघडून बघतो, तक्ता खरंच बाहेर जातो का. गेला, तर नोंद पक्की. आधीच्या आवृत्तीत नीट होतं हेही दिसलं तर त्यावर 'रिग्रेशन' असा शिक्का बसतो, म्हणजे चांगलं चालणारं मधेच कुणाच्या तरी हातून बिघडलं. आता तो हात शोधायचा. दोन आवृत्त्यांच्या मध्ये कोडमध्ये हजारो बदल झालेले असतात.

इथे त्यांची एक युक्ती कामी येते. मधल्या काळातल्या बदलांनुसार तयार झालेली लिबरऑफिसची चालती रूपं एका साठ्यात ओळीने ठेवलेली असतात. समजा तशी हजार रूपं आहेत. बरोबर मधलं, पाचशेवं, उघडायचं. तक्ता बाहेर जातोय? मग बिघाड पहिल्या पाचशेत आहे. नाही जात? मग नंतरच्या पाचशेत. उरलेल्यांचं पुन्हा मधलं उघडायचं. दर वेळी निम्मी बाद होतात, त्यामुळे हजारातून एकावर यायला दहा वेळा उघडून बघणं पुरतं. शेवटी हातात येतो तो एक बदल: अमुक तारखेला, अमुक माणसाने, अमुक कारणासाठी केलेला. याला ते 'बायबिसेक्ट' म्हणतात. यात एक ओळही कोड लिहावा लागत नाही. फाइल उघडायची, डोळ्यांनी बघायचं, बरोबर की चूक सांगायचं.

मग प्रोग्रामर दुरुस्ती लिहितो, ती गेरिट नावाच्या ठिकाणी सगळ्यांसमोर ठेवतो, लिनक्स, विंडोज आणि मॅकवर ती आपोआप बांधून तपासली जाते, दुसरा कुणीतरी वाचून मान्यता देतो आणि ती आत जाते. तुमच्या तक्रारीचा क्रमांक, आधी 'टीडीएफ' (द डॉक्युमेंट फाउंडेशन) ही अक्षरं लावून, त्या बदलाच्या मथळ्यात कायमचा राहतो. दुरुस्ती आवृत्तीच्या बातमीत जी लांबलचक क्रमांकांची यादी असते ती याचीच.

हे सगळं घरबसल्या, इंटरनेटवरून होतं. मग परिषद कशाला?

मराठी माणसाला साहित्य संमेलन माहीत असल्यामुळे निम्मं काम सोपं होतं. इथेही स्थळावरून चुरस असते. शहराशहरातले गट आपापला प्रस्ताव मांडतात, जागा काय, विमानतळ किती लांब, राहण्याचा खर्च किती, आणि सभासद मतदान करतात. पहिली परिषद २०११ मध्ये पॅरिसला झाली. मग बर्लिन, मिलान, बर्न, डेन्मार्कचं ऑर्हुस, चेक प्रजासत्ताकातलं बर्नो, रोम, अल्बानियातलं तिराना, स्पेनमधलं अल्मेरिया. २०२० ची न्यूरेंबर्गला, ओपनसूझे या लिनक्सवाल्यांबरोबर एकत्र व्हायची होती. कोविडने ती ऑनलाइन गेली, पुढचीही. २०२२ मध्ये पुन्हा मिलानला प्रत्यक्ष भेटले, मग बुखारेस्ट, लक्झेंबर्ग आणि २०२५ मध्ये बुडापेस्ट. स्थळ कुठलं निवडतात यातही काही दिसतं. तिरानाला बोलावणारा गट हा तिथल्या तरुण हौशी लोकांचा होता, कुठल्या बड्या कंपनीचा नव्हता.

संमेलनाशी साम्य इथेच थांबतं. ग्रंथदिंडी नाही, अध्यक्षीय भाषणाची पुस्तिका नाही. अर्ध्या तासाची भाषणं, काही पाच मिनिटांत आटपायची. एका खोलीत कोडचे लोक, दुसऱ्या खोलीत भाषांतरवाले, तिसरीत एखाद्या नगरपालिकेचा माणूस सांगतोय की जुन्या मॅक्रोंनी, म्हणजे फायलींत लिहून ठेवलेल्या छोट्या प्रोग्रामांनी, त्याला कसं रडवलं. संचालक मंडळ सर्वांसमोर बसून प्रश्नांना उत्तरं देतं. एक संध्याकाळ 'हॅकनाइट'ची असते: खाणंपिणं, लॅपटॉप, आणि शेजारी शेजारी बसून अडलेली कामं सोडवणं. भाषणं बहुतेक रेकॉर्ड होऊन सर्वांना बघायला मिळतात, त्यामुळे भाषणांसाठी कुणी विमानाचं तिकीट काढत नाही. लोक जातात ते या संध्याकाळीसाठी आणि व्हरांड्यातल्या गप्पांसाठी. वर्षभर लेखी संवादात एकमेकांवर करवादलेली माणसं समोरासमोर बसली की दहा मिनिटांत मार्ग निघतो, हे कुठल्याही स्वयंसेवी संस्थेत काम केलेल्याला वेगळं सांगायला नको. ज्या सभासदांना प्रवास परवडत नाही त्यांना न्यास देणग्यांच्या पैशातून मदत करतो. देणगीचं बटण दाबणाऱ्याने हेही लक्षात घ्यावं, आणि माझ्या मते हा पैसा सत्कारणी लागतो.

मोठ्या परिषदेशिवाय फेब्रुवारीच्या आसपास ब्रसेल्सला फॉसडेम नावाचा मुक्त सॉफ्टवेअरचा प्रचंड मेळा भरतो. प्रवेश फुकट, नाव नोंदवायचीही गरज नाही. तिथेही लिबरऑफिसवाले जमतात. आशियाची स्वतंत्र परिषद २०१९ मध्ये टोकियोला सुरू झाली, २०२३ मध्ये इंडोनेशियातल्या सुराकार्ता इथे झाली. जपान, तैवान, इंडोनेशिया इथले गट उत्साही आहेत आणि त्यांचे प्रश्नही युरोपपेक्षा वेगळे: उभी लिहिली जाणारी ओळ, हजारो चित्रलिपी चिन्हं. भारतात वापरणारे ढिगाने आहेत. केरळच्या सरकारी शाळांतली मुलं मुक्त सॉफ्टवेअरवरच संगणक शिकतात. पण वापरणाऱ्यांच्या मानाने परिषदांत आणि तक्रार-नोंदवहीत आपली उपस्थिती फार पातळ वाटते.

भांडणांच्या बातम्या सगळ्यात जास्त वाचल्या जातात आणि सगळ्यात कमी समजतात. २०२० च्या जुलैत ७.० च्या चाचणी आवृत्तीत सुरुवातीच्या खिडकीवर 'पर्सनल एडिशन' अशी पट्टी दिसली आणि गदारोळ उठला: आता हे विकत होणार! तसं काही नव्हतं. खरा मुद्दा असा की लिबरऑफिसमधली बहुतांश मोठी कामं कोलॅबोरासारख्या कंपन्यांचे पगारी प्रोग्रामर करतात. त्या कंपन्यांचा पगार निघतो मोठ्या संस्थांना सेवा विकून. आणि मोठ्या संस्था तर फुकटची प्रत उतरवून घेऊन हजारो संगणकांवर टाकतात आणि बिघाड झाला की स्वयंसेवकांकडे बोट दाखवतात. ही प्रत घरगुती वापराची आहे, हे त्यांना कळावं म्हणून ती पट्टी होती. विरोधामुळे ती काढली आणि फेब्रुवारी २०२१ च्या ७.१ वर 'कम्युनिटी' असा सौम्य शब्द आला. त्याच वर्षी, २०२० मध्ये, ब्राउझरमध्ये चालणाऱ्या आवृत्तीचं काम कोलॅबोराने आपल्या स्वतःच्या घरात नेलं आणि न्यासाकडची ऑनलाइन आवृत्ती गोठली. यात कोण बरोबर यावर मी अजून पक्का नाही. कंपन्यांशिवाय हे सॉफ्टवेअर आजच्या वेगाने चालणार नाही, आणि कंपन्यांच्याच हातात गेलं तर २०१० मध्ये वेगळं होण्याला अर्थ उरणार नाही. हा ताण कायमचा आहे, त्यामुळे दर दोनचार वर्षांनी असं भांडण होणारच. भांडण उघड्यावर होतंय तोवर घाबरायचं कारण नाही.

सरकारांच्या बातम्या वाचताना एक सवय लावून घ्यावी: 'ठरवलं' आणि 'झालं' यांतला फरक बघायचा. म्युनिक महापालिकेने २००३ मध्ये लिनक्सकडे वळायचं ठरवलं, जवळपास १५,००० संगणक बदलले, लिबरऑफिसही घेतलं, आणि २०१७ मध्ये तिथल्याच सभागृहाने परत विंडोजकडे जायचा ठराव केला. उत्तर जर्मनीतल्या श्लेस्विग-होलश्टाइन राज्याने एप्रिल २०२४ मध्ये सुमारे ३०,००० संगणकांसाठी लिबरऑफिसचा निर्णय जाहीर केला. असे निर्णय पैसे वाचवण्यासाठी होतात असा समज आहे. अलीकडे खरं कारण वेगळं असतं. सरकारी दस्तऐवज परक्या देशातल्या एका कंपनीच्या कुलपात नकोत, ही ती चिंता. म्हणून ओडीएफ हा फाइलचा खुला प्रकार महत्त्वाचा. तो २००६ पासून आंतरराष्ट्रीय मानक आहे, आणि कुठलंही सॉफ्टवेअर बनवणारा तो वाचू-लिहू शकतो. भारत सरकारनेही २०१५ मध्ये मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचं धोरण काढलं. तहसील कचेरीत ते कितपत पोचलं हे ज्याने त्याने आपल्या तहसिलात पाहावं.

आता आपल्या कामाचं. देवनागरी, अरबी, थाई अशा लिप्या या सॉफ्टवेअरच्या दृष्टीने एका गटात मोडतात, कारण त्यांत अक्षरं शेजारी शेजारी नुसती ठेवून भागत नाही. 'दुसऱ्या'तला ऱ्या, 'क्ष', पहिली वेलांटी आधी दिसते पण नंतर टाइप होते, ही सगळी जुळवाजुळव करावी लागते. पूर्वी हे काम विंडोज, मॅक आणि लिनक्सवर तीन वेगवेगळी यंत्रणा करायची, त्यामुळे एकच मराठी फाइल तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी दिसू शकायची. फेब्रुवारी २०१७ च्या ५.३ आवृत्तीपासून सगळीकडे हार्फबझ ही एकच यंत्रणा आली. ती बातमी युरोपात कुणाच्या खिजगणतीत नव्हती, आपल्यासाठी ती त्या वर्षाची सगळ्यात मोठी होती. पुढे न्यासाने अशा लिप्यांच्या कामासाठी स्वतंत्र पगारी प्रोग्रामरही नेमला. मजकुराची भाषा 'हिंदी' ऐवजी 'मराठी' निवडली आणि फाँटमध्ये सोय असली, तर ल आणि श आपल्या वळणाचे येतात; करून बघा, दोन क्लिकचं काम आहे. मेनूंचं मराठी भाषांतर स्वयंसेवकांकडूनच होतं, वेबलेट नावाच्या संकेतस्थळावर, आणि खाते उघडून तिथे कुणीही सूचना देऊ शकतो.

मराठी मजकुरात काही बिघडलेलं दिसलं तर ते सहन करत बसू नका, नोंदवा. साधं, तोडकंमोडकं इंग्रजी चालतं. मदतीच्या मेनूतल्या माहितीच्या खिडकीत आवृत्तीचा पूर्ण आकडा असतो, तो द्या. फाँटचं नाव द्या. कसं दिसायला हवं आणि कसं दिसतंय याची दोन चित्रं जोडा, कारण तपासणाऱ्याला मराठी येत असेलच असं नाही. आणि मूळ फाइल जशीच्या तशी चढवू नका. त्या नोंदवहीत जोडलेलं सगळं जगाला दिसतं. खरी नावं, आधार क्रमांक, सातबाऱ्यातले गट नंबर काढून टाका. बिघाड दाखवायला बहुतेक वेळा चार ओळींचा मजकूर पुरतो, आणि फाइल जितकी छोटी तितकं तपासणाऱ्याचं काम लवकर होतं.